होनराव सर आणि काळा पडदा

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर बिघडला की होनराव सर आधी माणूस शोधायचे. बिघाड काय आहे ते नंतर, बघितलंच तर. दारातून आत येता येताच त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "कोनी हात लावला?" मग खोलीत जो कोणी सगळ्यात गरीब दिसेल त्याच्याकडे वळून, "तू का बे?" तो बिचारा म्हणायचा, "न्हाई सर, मी आत्ताच आलोय." त्यावर हे, "मग आत्ताच कावून आला?" झालं! गुन्हेगार सापडला की यांच्या हिशेबी निम्मं मशीन दुरुस्त. उरलेलं निम्मं यांच्या हातून कधी दुरुस्त झाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मी पाटोद्याच्या त्या कॉलेजात हेडक्लार्क होते. ऑफिसातलं माझं टेबल अशा जागी होतं की व्हरांड्यापलीकडची कॉम्प्युटर रूम बसल्या जागी दिसायची. त्यामुळे या माणसाचा थाट मला वर्षानुवर्षं बघावा लागला. पुढे ते शाल-श्रीफळ घेऊन, हार घालून घेऊन सुखरूप रिटायर झाले. त्या कार्यक्रमाला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि खरंच दुखत होतं.

त्या काळात आमच्या तालुक्याच्या गावात रोज काहीतरी नवीन उगवायचं. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ झाले, घरोघरी केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, लग्नात रसनाच्या सरबताऐवजी बाटलीतलं कोल्ड्रिंक आलं. होनरावांनी त्यातलं एकही सोडलं नाही. घरची भुसार मालाची अडत होती, ती थोरल्या भावानं गुपचूप सांभाळली. यांनी आधी व्हिडिओ पार्लर काढलं, मग केबल, मग एसटीडी बूथ. तिन्ही धंदे गिऱ्हाइकांशी भांडून बुडवले. बूथवर बाई फोन करायला आली तर हे बाहेरून काचेवर टकटक करायचे, "ताई, आवरा आता, मशीन गरम हुतंय." कोण येणार मग? शेवटी बीडला जाऊन कुठल्याशा क्लासचं सर्टिफिकेट आणलं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या निवडणुकीत यांनी प्रचाराची जीप चालवली होती. कॉलेजात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर हेही आले, इन्चार्ज म्हणून. "सर" त्यांना कोणी केलं ते माहीत नाही. बहुतेक त्यांनी स्वतःच केलं असावं.

अंगात सफारी, वरच्या खिशात पेनाच्या जोडीला स्क्रू ड्रायव्हर. डॉक्टर लोक थर्मामीटर ठेवतात तसा. कॉम्प्युटर रूमची चावी कमरेच्या करदोड्याला. दार उघडायचं म्हणजे हे सगळ्यांसमोर सफारी वर करून पोटापाशी चाचपायचे, मग बाईमाणूस असो की विद्यार्थी असो. मी आपली दुसरीकडे बघायची. आत जाताना चपला बाहेर, अगदी प्राचार्यांनासुद्धा. "धूळ म्हंजी मशीनचा कॅन्सर हाय," असं ते सांगायचे, आणि स्वतः आत बसून कीबोर्डवर भडंग खायचे. कीबोर्ड उलटा करून आपटला की दाणे पडायचे. ते उचलून पुन्हा तोंडात टाकताना मी या डोळ्यांनी बघितलंय. शी!

काही विचारायला जावं तर एकच उत्तर, "त्यात लई गुंता हाय मॅडम, तुमाला कळायचं न्हाई." आणि निदानही एकच, "बोर्ड गेला." छपाई होत नाही, बोर्ड गेला. माऊस अडकतोय, बोर्ड गेला. एकदा लाइट गेली होती, सगळ्या गल्लीतच गेली होती, तरी यांनी आधी बोर्ड गेल्याचं जाहीर केलं, आणि मग पंखाही फिरत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. तरी चेहऱ्यावर काही नाही. असल्या माणसांना लाज देताना देव हात आखडता घेतो की काय कोण जाणे.

मग कॉलेजात लॅपटॉप आला. अध्यक्षांचा पुतण्या पुण्याला होता, त्यानं स्वतः नवा घेतला आणि जुना संस्थेला भेट दिला. अध्यक्षांना गावात सगळे दादा म्हणायचे. दादांच्या पुतण्यानं दिलेली वस्तू म्हटल्यावर ती काचेच्या भांड्यासारखी या हातातून त्या हातात फिरली आणि शेवटी होनरावांच्या ताब्यात गेली. पहिल्याच दिवशी यांनी झाकण लावलं, जेवून आले, झाकण उघडलं, तर पडदा काळा. तोंडचं पाणी पळालं! झाकण लावलं की हे मशीन झोपतं आणि बटण दाबलं की जागं होतं, एवढी साधी गोष्ट यांना कोणी सांगितली नव्हती, आणि विचारलं तर यांचा मोठेपणा कमी झाला असता. घामाघूम होऊन सगळी बटणं दाबता दाबता त्यातलं एक बरोबर दाबलं गेलं आणि पडदा आला. त्या दिवसापासून यांनी नियमच काढला, "झाकण लावायचं न्हाई." कपाटातसुद्धा लॅपटॉप उघडाच. रात्री त्याच्यावर टॉवेल.

एकदा दादांनी तो बीडला मागवला. होनराव काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले, मांडीवर उघडा लॅपटॉप, त्याच्यावर भगवी शाल पांघरलेली, दोन्ही हातांनी धरलेला. मीही त्याच जीपमध्ये होते, ट्रेझरीचं काम होतं म्हणून. लिंबागणेशच्या फाट्यावर एक म्हातारी चढली. तिनं ती शाल पाहिली, यांचं ते सोवळ्यातलं बसणं पाहिलं आणि भाबडेपणानं विचारलं, "देव कुठं निगालाय म्हनायचा?" होनराव म्हणाले, "बीडला." म्हातारीनं लांबूनच हात जोडले. यांनी मानेनं आशीर्वाद दिला. मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर तिथंच काहीतरी बोलून गेले असते.

त्यांची एक बढाई मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांची मुलगी तेलगावला दिलेली. जावई पुण्यात नोकरीला, दिवाळीला घरी आला तो कंपनीचा लॅपटॉप घेऊन. झाकण उघडलं तर पडदा काळा. सासरे समोरच बसलेले. "आना इकडं," म्हणून यांनी तो ओढून घेतला आणि दुपारभर त्याच्याशी झटत बसले. बॅटरी काढली, पुसली, उन्हात ठेवली. "जावई माझ्या तोंडाकडं बगत बसला," असं ते कौतुकानं सांगायचे. "शेवटी मी म्हनलं, बोर्ड गेला, आन हात धुवाया गेलो. येऊन बगतो तर चालू! हात लागला की चालतंच. थोडा टाइम घेतंय." त्या जावयानं सासऱ्याचा मान राखायला दुपारभर दात-ओठ आवळून कळ काढली असणार आणि पाठ वळताच बटण दाबलं असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. यांना नाही कळलं. किंवा कळलं असेलही. या माणसाला काय कळतं आणि काय कळत नाही, याचा मला तोवर अंदाज नव्हता. तो आला पुढे, नंदाच्या वेळी.

नंदा काळे आमच्याकडे तासांवर शिकवायची. औरंगाबादहून कॉम्प्युटरची एम.एस्सी. झालेली, लिंबागणेशला सासर. रोज जीपनं यायची, जीप नाही मिळाली तर ट्रॅक्टरवरही यायची. हुशार, पण बोलायला लागली की समोरच्याचा मान ठेवून बोलणार. दर वर्षी तिची ऑर्डर नव्यानं निघायची. त्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती, आणि ती येऊन गेली की कॉम्प्युटरची एक जागा पक्की होणार होती. संस्था ज्याचं नाव पाठवील त्याला ती मिळणार. नंदाच्या सासऱ्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पक्की झालीस तर कर नोकरी, नाहीतर पुरे झाली ही वणवण, घरी बस. हे तिनं मला डबा खाताना सांगितलं आणि मग घास तसाच हातात धरून बसली. मला तिचा फार लळा लागला होता, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. शेतकरी नांगर-कोयत्यांची करतो, आम्ही ऑफिसवाले टाइपरायटरची, घंटेची, सायक्लोस्टाइलच्या मशीनची. त्या वर्षी मान लॅपटॉपचा. होनराव सकाळीच अंघोळ करून हजर. टेबलावर पाट, पाटावर लॅपटॉप. यांनी कुंकू पाण्यात कालवलं, चांगलं दाट, आणि बोटानं कीबोर्डच्या वरच्या अंगाला, बिजागरीपाशी, हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं. वर अक्षता टाकल्या. नंदा म्हणाली, "सर, तिथं ओलं नका लावू, आत जाईल." हे म्हणाले, "देवाचं काम हाय मॅडम, मधी बोलू नगा." मग आता नारळ आणि हार ठेवायला सपाट जागा पाहिजे, म्हणून या माणसानं, ज्यानं सगळ्या कॉलेजला झाकण लावायची बंदी केली होती, स्वतःच्या हातानं झाकण लावलं. दाबून लावलं. वर नारळ ठेवला, आरती झाली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर प्राचार्यांनी नंदाला सांगितलं, समितीला दाखवायचं काम लॅपटॉपवर पुरं करा. तिनं झाकण उघडलं, बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घुरघुरला आणि पडदा काळाच. तिनं पुन्हा बंद करून चालू केला. काळाच. होनराव आलेच. "कोनी हात लावला?" या वेळी शोधायचीही गरज नव्हती. त्यांनी मान हलवली, जीभ टाळ्याला लावून चकचक केलं आणि म्हणाले, "बोर्ड जाळला बाईंनी." तासाभरात ही बातमी दादांच्या घरी पोचली. कोणी पोचवली ते विचारू नका. दादांचा निरोप आला की उद्या दुपारच्या बैठकीत ठरवू, वस्तू जाळणाऱ्याचं नाव पुढं पाठवायचं का. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात एक मुलगा फाइल घेऊन बसलेला दिसला. नवा शर्ट, भांग पाडलेला. होनरावांच्या साडूचा मुलगा. म्हणजे जागा कोणासाठी साफ चालली होती ते उघडच होतं.

मी नंदाला घेऊन सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. होनरावांनाही लॅपटॉपसकट बोलावलं. प्राचार्य इतिहासाचे, स्वभावानं भित्रे. दादांचं नाव घेतलं की खुर्चीत पुढं सरकून बसायचे.

नंदा म्हणाली, "सर, मशीन चालू आहे. दिवा लागतोय, पंखा फिरतोय. याला बाहेरचा मॉनिटर जोडून बघू."

"जोडू नगा!" होनराव ओरडले. "जळालेल्या मशीनला चांगलं मशीन जोडलं की तेबी जळतंय. लागण हुती."

प्राचार्यांनी काळजीनं स्वतःच्या टेबलावरच्या मॉनिटरकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या टेबलावरचा आणते. जळाला तर जळू द्या." आणि आणलाच उचलून. नंदानं वायर जोडली. मॉनिटरवर चित्र आलं, नंदाच्या सगळ्या फायली जागच्या जागी.

"बोर्ड चांगला आहे सर," ती म्हणाली.

होनराव म्हणाले, "मग पडदा गेला. पडदा बी यांनीच घालवला."

"पडदाही गेला नसेल," नंदा शांतपणे म्हणाली. "झाकण लावल्यावर पडदा बंद व्हावा म्हणून बिजागरीपाशी एक बारीक बटण असतं. झाकणानं ते दाबलं जातं. ते आत अडकून बसलं असेल तर मशीनला वाटतं झाकण अजून लावलेलंच आहे. मला फक्त नीट बघू द्या सर, पाच मिनिटं."

होनरावांनी लॅपटॉप ओढून छातीशी धरला. वायर निघून लोंबायला लागली. "म्हंजी माझ्या पूजेनं बिगाडलं म्हनता का तुमी? देवाच्या कुकवानं?"

पूजेचं नाव तोपर्यंत कोणीही काढलं नव्हतं. मी प्राचार्यांकडे बघितलं, त्यांच्या डोक्यात काही शिरतंय का. नाही शिरलं. देवाचं नाव निघाल्यावर ते आणखीच घाबरले. म्हणाले, "भांडू नका. समितीचं काम मॉनिटरवर भागेल. पण दादांना काय सांगायचं ते बैठकीत बघू." नंदा उठली, दोघांनाही नमस्कार केला आणि बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खांबापाशी उभी राहिली. डोळे कोरडे होते तिचे. मला मात्र असा संताप आला होता की हातातला स्टॅपलर कुणाला तरी फेकून मारावा.

दुपारी सगळे जेवायला गेले. माझा मॉनिटर होनराव आपल्या खोलीत घेऊन गेले होते, तो मागायला मी गेले. दार आतून बंद. खिडकीचं एक दार उघडं होतं. आत हे खिडकीकडे तिरकी पाठ करून टेबलाशी बसलेले, समोर लॅपटॉप, शेजारी वाटीत पाणी, कापसाचे लालभडक बोळे आणि एक सेफ्टी पिन. आणि पडदा चालू होता. लख्ख! होनरावांनी उजव्या हाताची करंगळी बिजागरीपाशी नेली, दाबली. पडदा काळा. सोडली, पडदा चालू. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. खांदे हलत होते त्यांचे. हा माणूस हसत होता हो! आयुष्यात पहिल्यांदा मशीनमधलं काहीतरी कळलं होतं, आणि तेही ज्या बाईचं वाटोळं करायला निघाला होता तिनं सांगितलेलं.

मी पळतच प्राचार्यांकडे गेले. ते डबा खात होते. "सर, आत्ताच्या आत्ता चला. लॅपटॉप चालू आहे, माझ्या डोळ्यांनी बघितलाय." ते खरकट्या हातानं उठले. मी दार वाजवलं, चांगलं धडधडा वाजवलं. बऱ्याच वेळानं होनरावांनी कडी काढली आणि लगेच जाऊन जागेवर बसले. आम्ही दोघेही चपलांसकट आत गेलो. वाटी नाही, बोळे नाहीत, पिन नाही. लॅपटॉप समोर उघडा, त्याच्यावर होनरावांचा उजवा हात सहज टेकलेला, आणि पडदा काळा.

"बगा मॅडम," ते म्हणाले, "कुठं हाय चालू?"

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, तुम्ही तर म्हणालात..."

बाहेर दादांची जीप आल्याचा आवाज आला. बैठकीची वेळ झाली होती. प्राचार्य दाराकडे वळलेच होते. मी होनरावांच्या हाताकडे बघितलं. चार बोटं अलगद टेकलेली, आणि करंगळी तेवढी घट्ट रोवलेली, नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत. नखाच्या कडेला कुंकू.

मी पुढं झाले, त्यांचं मनगट धरलं आणि हात उचलला.

पडदा उजळला. नंदाच्या फायली, तिचं नाव, सगळं समोर.

प्राचार्य वाकले. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी स्वतः ते बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. पडदा गेला, आला. त्या भित्र्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच लाल झालेला पाहिला. होनराव म्हणाले, "ह्येच तर दाकवाया बोलवनार हुतो सर तुमाला." प्राचार्यांनी लॅपटॉप मिटला, काखेत घेतला आणि मला म्हणाले, "काळे मॅडमना बैठकीला बोलवा. त्यांचंच नाव जाईल. दादांना मी सांगतो." आणि तरातरा निघून गेले.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालील. होनरावांनी सफारी नीट केली, मी धरलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, परक्या पुरुषाचा हात धरला तुमी. बाईमानसाला शोभतं का ह्ये?"

"नाही शोभत," मी म्हटलं, आणि नंदाला निरोप सांगून नळावर गेले, साबण मागवला आणि कोपरापर्यंत हात धुतला.